ओंडक्यांखालचा कागद

फोन आला तेव्हा मी कळंबच्या बाजारात ज्वारी बघत होते. "आत्या, अण्णा गेले…" भाच्याचा फोन होता. मूठभर ज्वारी हातात तशीच राहिली. आणि खरं सांगते, मनात आधी आलं ते त्यांचं लाकडाचं घर… तिथला कागद आता सकाळी कोण बघणार?

अण्णा माझे थोरले भाऊ. अणदूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत क्लार्क. हातात पेनाशिवाय दुसरं हत्यार कधी नाही. निवृत्त झाले आणि मोबाईलवर कुठल्याशा बर्फाच्या देशातलं ओंडक्यांचं घर बघून बसले. "असंच शेतात बांधणार, आन् सोताच्या हातानं." गाव हसलं, मीही हसले. पण आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर लोकांच्या घरांची लाकडं डोक्यावर वाहिली आणि आम्ही पत्र्याखाली वाढलो, हे अण्णांच्या मनातून गेलं नव्हतं.

बांधावरच्या निलगिरी तोडून, टोकांना खाचा पाडून, ओंडक्यावर ओंडका रचत चार महिन्यांत त्यांनी खोली उभी केली. महिनाभरात ओंडक्यांतून जमिनीवर पिवळा भुसा पडायला लागला. गावातल्या म्हाताऱ्या सुतारानं ओंडक्याला कान लावला. "क्लार्कसायेब, लाकूड पाण्यात मुरवलं व्हतं का?" ओलं लाकूड आधी विहिरीत बुडवायचं, म्हणजे कीड लागत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगंल. घाईत नेमकं तेच राहिलं.

मी म्हटलं, "राहू द्या अण्णा, सिमेंटची बांधा."

"न्हाय. दादांनी वाहिलेली लाकडं लोकांच्या घरात अजून उभी हायेत. माझंच पडलं तर त्यांना काय तोंड दाखवू?"

सगळं घर उतरवलं. ओंडक्यांवर रंगानं नंबर टाकले, पोखरलेले बाद केले, बाकीचे दगड बांधून विहिरीत सोडले. पावसाळाभर काठावर बसून मास्तरासारखी हजेरी घ्यायचे, "सतरा नंबर दिसंना आज…" मग सावलीत वाळवून पुन्हा रचले, तेही वयाच्या बासष्टाव्या वर्षी. माझ्या भावानं एकच घर दोनदा बांधलं, हे मी कुणालाही छाती फुगवून सांगते.

किडीचा धसका मात्र राहिलाच. झोपताना जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचे, रात्रीत भुसा पडला का बघायला सकाळी त्यावर बोट फिरवायचे. सहा वर्षं. "पुरे आता," म्हटलं की म्हणायचे, "परीक्षा रोज असती, बाई."

अण्णांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, मी गेले तेव्हा त्याच खोलीत राहिले. झोपण्याआधी कागद अंथरला. सकाळी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. कागदाची घडी घातली, सतरा नंबरवर हात ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, पास झालात."