आबाकाका नारळ फोडत नाहीत

परवा इथे परदेशात, आमच्या शेजारच्या स्कोफिल्ड्स उपनगरात भाचीच्या वास्तुशांतीला आबाकाकांनी नेहमीसारखा नारळ माझ्या हाती दिला. "तू फोड." काका आमच्या भागातले पहिले मराठी दुकानदार, आता नगरसेवक. फिती हौसेने कापतात, नारळाचं काम मात्र माझं.

पाणी फरशीवर सांडलं आणि त्या वासाने मी थेट क्वेकर्स हिलच्या त्यांच्या दुकानात पोचलो. युनिव्हर्सिटीत शिकत असताना मी तिथे कामाला होतो. एका दुपारी तिघांनी आत घुसून मला लोळवून तुडवलं. प्रत्येक लाथेला मी "सॉरी, मेट" म्हणत होतो, एवढाच माझा पराक्रम. मग एकाने माझ्या डोक्यावर बाटली उगारली, आणि काकांनी हाताला लागलेला नारळ त्याच्या कानशिलात हाणला. दोघे पळाले. तो कोसळला. रक्त आणि नारळाचं पाणी एकत्र वाहत होतं. अँब्युलन्स येईपर्यंत काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन चक्क मराठीत विनवत होते, "डोळे उघड रे, पोरा!"

त्याने उघडले. म्हणून तर ही गोष्ट मी वर्षानुवर्षं लग्नाकार्यात हावभावांसकट सांगून सगळ्यांना हसवत आलो.

परवा नारळ फोडल्यावर पहिल्यांदाच वळून पाहिलं. काकांनी डोळे घट्ट मिटले होते.

"फुटला का रे?" त्यांनी विचारलं.

"फुटला, काका. नारळच फुटला."