रद्द केलेल्या दहा गोळ्या

आमचे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, अगदी देवमाणूस. फक्त विश्वास कुणावर ठेवत नाहीत. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात, मग बहिणीला ओढायला लावतात आणि तिनं नीट ओढलं का, हे बघायला पुन्हा स्वतः.

पोटापाण्यासाठी ते रुग्णालयांना संगणकाचे प्रोग्रॅम बनवून देतात. रुग्णांची माहिती भरायचे, बदलायचे. तिथं हा स्वभाव कामाला आला. मूळ नोंद त्यांनी कुलूपबंदच ठेवलेली. नर्सनं ‘बदला’ दाबलं की नोंदीची नक्कल तयार होते. काय गोंधळ घालायचा तो नकलेवर घाला. ‘जतन’ दाबलंत तर तिच्यावरून नवी नोंद, ‘रद्द’ दाबलंत तर नक्कल केराच्या टोपलीत. मूळ नोंदीच्या केसालाही धक्का नाही.

तरी एक दिवस तक्रार आली. रद्द करूनही गोळ्यांचा आकडा बदललेलाच राहतो! तक्रार त्यांच्याच कंपनीतल्या टेस्टर बाईंची, आणि लोकांच्या कामातल्या चुका काढायचा तर त्या पगारच घेतात. मेहुण्यांना लगेच वास आला. ‘ही बाई मागल्या दारानं माझ्या नोंदी बदलते,’ असं त्यांनी साहेबांना लेखीच दिलं.

साहेब म्हणाले, “संध्याकाळपर्यंत खरं-खोटं करा. खरं निघालं तर बाई उद्यापासून घरी.”

बाई तडक मेहुण्यांच्या टेबलाशी आल्या. “हे बघा भाऊ, मशीन तुमचं, बोटं तुमची. मी हात मागे बांधून उभी राहते.”

मेहुण्यांनी रुग्णाचं नाव बदललं, रद्द केलं. जुनं नाव परत. “बघा!”

“आता गोळ्या.”

दोनाच्या दहा केल्या. रद्द. पडद्यावर दहाच!

मेहुण्यांनी आधी बाईंचे हात पाहिले, मग वाकून टेबलाखाली.

“खाली कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “मी आधीच बघितलंय.”

मग मेहुण्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला आणि प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. नकलेत नाव, वय, खाट सगळं नव्यानं उतरलं होतं. गोळ्यांची यादी तेवढी उतरलीच नव्हती. तिच्या जागी नुसता पत्ता होता, तोही मूळ नोंदीतल्याच यादीचा. कुलूप बाहेरच्या दाराला, आतली यादी सताड उघडी. नकलेत लिहितोय असं समजून जो तो मुळातच लिहीत होता.

पाच वाजत आले होते. मेहुण्यांनी कागद ओढला, लिहिलं, ‘चूक माझी. आरोप मागे घेतो,’ आणि तो बाईंपुढे धरला.

बाईंनी दोनदा वाचला. “कुठली चूक, ते नाही. कशी झाली, तेही नाही. आणि आरोप कुणावरचा?”

मेहुणे पुन्हा लिहायला बसले. तिसऱ्या खेपेला कागद पास झाला. दोघं साहेबांच्या खोलीकडे निघाली, तेव्हा मेहुण्यांनी कागदासाठी हात पुढे केला.

“राहू द्या माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. “वाटेत बदललात म्हणजे?”