अकरा पाठक

परदेशीपुऱ्यातल्या भानुमतीबाईंनी बावीस वर्षं पोथीच्या सप्ताहासाठी बायका जमवल्या. कुणाला मांडी घालता येत नाही, कुणाला दुपारी डुलकी लागते, सारं त्यांना तोंडपाठ. यंदा मंदिराच्या मंडळानं नियम केला: नावं वेबसाइटवरच द्यायची, आणि पंचवीस पाठक झाले नाहीत तर सभागृह दुसऱ्या गटाला.

एका मोबाइल नंबरावर साइट एकच खातं देई. बहुतेक घरांत नंबर तोच, नवऱ्याचा. मग बायकांनी सासू, सून, जाऊ अशी सगळी नावं एकाच खात्यात घातली. भानुमतीबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही; शेजारी शेजारीच तर बसायच्या.

शेवटच्या दिवशी साडेपाचला त्या वरच्या मजल्यावर गेल्या. तिथला भाडेकरू यतीन साताऱ्याहून नोकरीला आलेला. साइट त्यानंच मंडळाला करून दिली होती. पाठक म्हणून किती खाती नोंदली आहेत, असा प्रश्न त्यानं डेटाबेसला टाकला. उत्तर आलं, अकरा.

"फिर से देख ना भिया. नीट विचार त्याला," भानुमतीबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा विचारलं. अकराच. भानुमतीबाईंनी वहीतली चौतीस नावं त्याच्यापुढे धरली.

"काकू, ते खाती मोजतं. एका खात्यात चार जणी असल्या तरी त्याला एकच."

मग तूच चौतीस लिही, असं त्या म्हणाल्या. खोटा आकडा घालणं यतीनच्या हातून होईना, आणि नवं खातं उघडायचं तर नवा नंबर हवा, त्यावर आलेला ओटीपी हवा. हवे होते चौदा; वेगळा नंबर सापडला एकाच सुनेचा, आणि तो फोनही घेऊन तिचा नवरा देपालपुरला धान्याच्या मंडीत गेलेला. तो उचलेना. सहा वाजले, नोंदणी बंद झाली.

मंडळाचे सचिव अशोकजी फोनवर अगदी गोड बोलले. "बाई, तुमच्या बायका मी का ओळखत नाही? पण पडद्यावर अकरा आहेत, तर मी अकराच धरणार."

भांडायला कुणी उरलंच नाही. आता एकेकीला कळवणं आलं. पहिला फोन एकीच्या नवऱ्यानं, गजाननरावांनी उचलला. हिला देतो म्हणाले, मग थांबले.

"देवघरात आहे हो. सुनेकडून पोथीचा सराव करून घेतेय. बोलवू?"

"नको," भानुमतीबाई म्हणाल्या. "वाचू दे तिला."