बोलायला एक मुलगा

अकोल्याला कृषी महाविद्यालयात आमच्या वर्गाची एक रीत होती. सेमिनारच्या गटात मुली कितीही असल्या तरी बोलायला एक मुलगा घ्यायचा. माहिती आम्ही गोळा करायची, स्लाइड आम्ही करायच्या, इंग्रजी भाषण आम्ही लिहायचं आणि त्याने इस्त्रीचा शर्ट घालून यायचं. ही वाटणी कुणी ठरवली माहीत नाही. आम्हाला ती सोयीची वाटायची, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आमच्या गटातला मुलगा स्वभावाने चांगला होता. त्याच्या इंग्रजीत कर्त्याचं आणि क्रियापदाचं कधी पटलं नाही, पण त्याला त्याचा काही त्रास नव्हता. माझं उलटं. वाक्य मनातल्या मनात तीनदा तपासून बाहेर काढेपर्यंत विषय बदललेला असायचा. म्हणून मी त्याच्या मागे उभी राहायचे आणि तो अडला की हळूच सांगायचे.

शेवटच्या वर्षी बियाण्यांची एक कंपनी आली. जागा एकच, तीही अकोल्यातच. निवड गटाच्या सादरीकरणावरून होणार होती. मला ती नोकरी फार हवी होती, कारण अमरावतीजवळच्या आमच्या गावाहून बाबांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "नोकरी लागली त थांबतो. नाही त दिवाळीनंतर पाहुणे बोलावतो." पाहुणे म्हणजे मुलगी पाहायला येणारे.

आमचा विषय होता कपाशीवरची बोंडअळी. शब्द माझे, आवाज त्याचा. कंपनीच्या साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायला सांगतात, त्या शेतकरी का लावत नाहीत? मुलाने कान मागे केला. मी कुजबुजले, तो बोलला. साहेब खूश होऊन म्हणाले, "व्हेरी कॉन्फिडंट."

दुसऱ्या प्रश्नाला तो कान पुन्हा मागे आला. मला त्या कानाचा असा संताप आला की मी मूग गिळून उभी राहिले.

"सांग ना वं," तो पुटपुटला, "मले काहीच आठवून नाही राहिलं."

मी पुढे झाले आणि उत्तर स्वतःच दिलं. दोन वाक्यं अर्धवट राहिली, पण उत्तर बरोबर होतं. मी बोलत असताना तो मागून मला धीर देत होता, "कॉन्फिडन्स, कॉन्फिडन्स."

नोकरी त्याला लागली. मला साहेब म्हणाले, तुमचं ज्ञान चांगलं आहे, बोलण्याचा सराव वाढवा. मुलाने पेढे वाटले. मी दोन घेतले.

संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभी होते.

"लागली काय?"

"नाही."

"मंग बोलावू पाहुणे?"

आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर मुलीने द्यायचं नसतं. ती गप्प राहिली की होकार धरतात, आणि गप्प राहणं मला चांगलं जमत होतं. या वेळी वाक्य तपासायला थांबले नाही.

"नका बोलावू, बाबा. मी दुसरी नोकरी पायते."

बाबा म्हणाले, "काय म्हणली?"

त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की मला माघार घ्यायला संधी देत होते, कोण जाणे. मी तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाले. जेवायला निघालेल्या पोरी जिन्यात थांबून माझ्याकडे पाहायला लागल्या.