बाल्कनीवाली केबिन

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे: माझी बायको पाण्याला भिते. पुण्याच्या चुलतभावापासून देवासच्या मावसबहिणीपर्यंत सगळ्यांना ती माहीत आहे. तलावाकाठी नुसता फोटो काढायचा असला तरी कुणीतरी म्हणतंच, "काकूंना जरा मागं उभं करा."

हे खरं नाही. पाण्याला मी भितो. जन्मभर भीत आलो, आणि खापर तिच्या डोक्यावर फोडत आलो. ते खाली उतरवायला निमित्त झालं एका जहाजाचं.

जहाज शोधलं जावयानं. मुलगी आणि जावई इंदूरलाच, सुदामा नगरात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. जावई बँकेत असतो, पण त्याचा जीव रमतो सहली आखण्यात. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून एका रविवारी सकाळी तो पोहे-जिलबीचे पुडे घेऊन आला आणि टेबलावर लॅपटॉप उघडून बसला.

"बाबा, हॉल-वॉल, केटरर, सब छोडो. आपण चौघं क्रूझवर जायचं. कोचीहून निघायचं, लक्षद्वीपची बेटं करून परत. जहाज कसं आहे बघा तरी! आपला राजवाडा सात मजली ना? हे त्याच्याहून उंच."

त्यानं एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. झुंबरं लावलेला जिना, नाटकाचं थेटर, पांढऱ्या टोप्यांचे आचारी, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव.

"चहूकडं समुद्र असताना वर हौद कशाला बांधलाय?" बायकोनं विचारलं.

"आई, समुद्रात उडी थोडीच मारायची आहे!"

ती पोह्यांवरची शेव बोटानं एका बाजूला करत राहिली.

"नाश्त्याला पोहे असतात का, विचारलंस?" मी जावयाला म्हणालो. मला विषय जेवणावर न्यायचा होता.

"विचारलं ना. फोनवरची मुलगी म्हणाली, सर, वर्ल्ड क्विझीन आहे. मी म्हटलं, वर्ल्ड ठीक आहे, पोहे बोलो. तर हसायला लागली."

"जिरावन मसाला आणि शेव आपली आपण नेऊ," बायको म्हणाली. "लपवून."

म्हणजे तिनं मनानं सामान बांधायला घेतलं होतं. पण मुलगी मान हलवत होती.

"मी ह्यांना आधीच सांगत होते. आई चार दिवस खोलीचं दार लावून बसेल. इतक्या भारी जहाजावर जायचं आणि तिनं भिंतीकडं तोंड करून राहायचं? त्यापेक्षा मसुरी करू."

"तुम्ही ठरवाल ते," बायको म्हणाली.

हे तीन शब्द मी आयुष्यात पुष्कळदा ऐकले आहेत. द्वारकेला गेलो तेव्हा बेट द्वारका राहिली, कारण मध्ये होडी होती. गोवा ठरलं आणि त्याचं माथेरान झालं. दर वेळी मी मोठ्या मनानं सांगायचो, "हिच्यासाठी बेत बदलू या," आणि ती म्हणायची, तुम्ही ठरवाल ते.

त्याच दिवशी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती. समोर डाळीच्या डब्याला फोन टेकवलेला, आवाज बंद. फोनवर निळं पाणी होतं, इतकं नितळ की होडीची सावली तळाच्या वाळूवर दिसत होती. चित्र संपलं की ती कणकेचं बोट फोनला लावून ते पुन्हा पहिल्यापासून बघायची. मी आलेलं तिला कळलं नाही. मी पाणी न पिताच परत फिरलो.

आता मूळ गोष्ट सांगतो.

बायको महेश्वरची. माझे सासरे तिथं शाळेत मास्तर होते. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांनीच तिला घाटाच्या पायऱ्यांवरून नर्मदेत सोडून पोहायला शिकवलं होतं. लग्नानंतरची पहिली दिवाळी आली आणि मी दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो. नव्या जावयाला बाणेश्वर दाखवायचं म्हणून तिचे दोघे भाऊ आम्हाला नावेतून घेऊन निघाले. बाणेश्वराचं देऊळ नदीच्या मध्यावर आहे. निम्म्या वाटेत नाव जराशी कलली. मी बायकोचं मनगट धरलं आणि ओरडलो, "परत फिरवा!"

घाटावर सासरे, त्यांचे भाऊ, शेजारीपाजारी उभे होते. काय झालं, म्हणून विचारू लागले. जरीकाठी उपरणं घेतलेला मी नवा जावई, मी म्हणालो, "हिला भोवळ आली. पाण्याला भिते वाटतं."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मग मुलीच्या मनगटावरच्या माझ्या बोटांच्या खुणांकडं पाहिलं. आणि म्हणाले, "हो, ती लहानपणापासूनच तशी." दोघा मेव्हण्यांनी माना डोलावल्या. दिवाळसणाला आलेल्या जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही आमच्या लोकांची रीत. नानांनी ती पुरी निभावली. पुढं इंदूरला आले तेव्हा माझ्या आईला त्यांनी आपणहून सांगितलं, "लहानपणी कुणालातरी बुडताना पाहिलंय तिनं." ते माझ्यासाठी खोटं बोलत होते आणि मी समोर बसून चकली खात होतो.

नाना गेले तेव्हा अस्थी घेऊन भाऊ नावेत चढले. ही पण निघाली होती. तिथं जमलेल्या लोकांसमोर मीच म्हणालो, "तू इथं पायरीवरच थांब." ती थांबली. माझ्या सगळ्या चुकांत मला ही एक झोप लागू देत नाही.

तर, मसुरी की समुद्र हा वाद आठवडाभर चालला. शेवटी जावयानं तोडगा काढला.

"असं करू, ट्रायल घेऊ. देवदिवाळीच्या आधीच्या रविवारी महेश्वरला जाऊ. आईंना नावेत बसवू. बाणेश्वरापर्यंत जाऊन आल्या तर त्याच दिवशी क्रूझ बुक. नाही जमलं तर मसुरी. फेअर आहे की नाही?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "मला चालेल," ती म्हणाली. "ह्यांचं काय ते विचारा."

"बाबांना काय होतंय!" जावई म्हणाला.

रविवारी निघालो. मानपुरला सडकेच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडल्या होत्या. बायकोनं गाडी थांबवून घेतली आणि दोन टोपल्या उचलल्या. घाट उतरताना सगळे बिया खिडकीबाहेर टाकत खात होते. जावई जहाजावरच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगत होता, त्या रात्री म्हणे सगळ्यांनी सूट-बूट घालून जेवायला जायचं असतं. "मी माहेश्वरी नेसेन," बायको म्हणाली. माझं सीताफळ हातात तसंच होतं.

घाटावर नावाड्यानं नारंगी जाकिटं दिली. बायकोनं साडीवरून ते चढवलं, पदर खोचला आणि कुणाचा हात न धरता नावेत उतरून पुढच्या फळीवर जाऊन बसली. मी मधल्या फळीवर, तिच्या मागं. मोटर सुरू झाली. मुलगी आईच्या तोंडावरून नजर हलवत नव्हती.

"आई, ठीक आहात ना? आई, चक्कर नाही ना?" जावई दर मिनिटाला विचारत होता.

बायकोनं हात पाण्यात सोडला होता. बोटांमधून पाणी फुटून मागं जात होतं. तिला उत्तर द्यायलाही सवड नव्हती. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि मी फळी दोन्ही हातांनी धरून मनात रामरक्षा सुरू केली होती. मध्यावर समोरून दुसरी नाव गेली. तिची लाट आली, आमची नाव कलली, आणि माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. हात आपोआप पुढं गेला आणि मी बायकोचं मनगट धरलं. तेच मनगट.

सगळे वळले. जावयानं माझा चेहरा पाहिला आणि पाहताक्षणी नावाड्याला म्हणाला, "भिया, घुमा लो. आईंना त्रास होतोय."

बोलताना तो आईंकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता. सासऱ्याचा मान राखत होता बिचारा. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. नानांना तरी कुणी शिकवलं होतं? मी नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. नाव फिरली असती, मसुरी ठरली असती.

"तिला काही होत नाहीये," मी म्हणालो. "मला होतंय. तेव्हाही मलाच झालं होतं."

"तेव्हा म्हणजे कधी?" मुलीनं विचारलं.

नावाड्यानं मोटर बंद केली. भर नदीत, डोळे मिटून, फळी धरून मी सगळं सांगितलं. भाऊ, उपरणं, नाना, सगळं. सांगून झाल्यावर मुलगी आईकडं वळली.

"म्हणजे आई, तुला पोहता येतं?"

"तुझ्या मामांना विचार. ह्या घाटावरून बाणेश्वरापर्यंत जायचे मी. त्यांच्या आधी पोचायचे."

"आणि मी आयुष्यभर तुला मागं ओढतेय!" मुलीला रडू येतंय की हसू, तिचं तिलाच कळेना. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, खलघाटला नर्मदेच्या पुलावर तुम्ही डोळे मिटून हात जोडता, ते?"

"ते पण."

"अरे बाप रे!" जावई म्हणाला. "आणि मी बँकेत सगळ्यांना सांगत फिरतो, आमचे सासरे म्हणजे नर्मदामैयाचे केवढे भक्त!"

नावाडीही हसायला लागला. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे.

"तू एकदाही बोलली नाहीस," मी बायकोला म्हणालो.

"आधी नानांचा शब्द होता म्हणून. मग तुमच्या आईंनी मला माघात पहाटे ओंकारेश्वरला स्नानाला न्यायचं बंद केलं. जावा कुडकुडत डुबक्या मारायच्या आणि मी धर्मशाळेत रजई घेऊन चहा प्यायचे. म्हटलं, चालू दे." ती हसली. मग पाण्याकडं बघत म्हणाली, "नानांच्या वेळी मात्र वाटलं होतं, बोलावं."

"चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच." आणि नावाड्याला म्हणाली, "भैया, आगे लो. मंदिर तक."

मी परत फिरण्यासाठी विनवणी केली नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. बाणेश्वराला पोचेपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही आणि तिनंही ते सोडवून घेतलं नाही. देवळाच्या पायरीवर उतरून तिनं ओंजळभर पाणी घेतलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून ते नदीत सोडलं. कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

परतल्यावर घाटावरच बसलो, उरलेली सीताफळं मध्ये ठेवून. जावयानं फोन काढला.

"हां तो ट्रायल पास! केबिन कोणती? आतली, खिडकीवाली की बाल्कनीवाली?"

"आतली," मी म्हणालो.

"बाल्कनीवाली," बायको म्हणाली.

"आणि बाबा?"

"बाबा आत पलंगावर बसतील. बाहेर काय दिसतंय ते मी सांगत जाईन."

"पण आई, बेटांवर उतरायला छोट्या बोटीत बसावं लागतं हां."

"मी जहाजावरच थांबतो," मी घाईनं म्हणालो. "सामानाकडं कुणीतरी लक्ष नको का द्यायला?"

"काही नाही," बायको म्हणाली. "तुम्हीपण यायचं. डोळे मिटून, हात जोडून बसा. लोक म्हणतील, काय भक्त माणूस आहे!"

बाल्कनीवाली बुक झाली. तेवढ्यात मुलीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी टाकली, आणि अपेक्षेप्रमाणं पुण्याहून उत्तर आलं: "वा! पण वहिनींना सांभाळा हं." मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "वहिनींना नको, मला सांभाळा. पाण्याला मी भितो, ती नाही. दिवाळसणाला मी खोटं बोललो होतो."

दोन मिनिटांत थोरल्या मेव्हण्याचा फोन. आता ते खरगोनला असतात, ऐंशीच्या पुढचे आहेत. चांगलेच चिडले होते.

"जावईबापू, हे काय करून बसलात? पन्नास वर्षं आम्ही कुणाला कळू दिलं नाही. नाना काय म्हणतील?"

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"दादा," ती म्हणाली, "बाल्कनीवाली घेतलीय."