न्हाणीघराच्या मागच्या दारातली फौजदारीण

तिला सगळी वसाहत फौजदारीण म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. खाणीच्या न्हाणीघरात पाणी तापवायची साधी नोकरी तिची, पण रुबाब असा की खाण जणू हिच्या जिवावर चाललीय. पाळी सुटली की माणसं जमिनीखालून वर यायची ती डोळे आणि दात सोडले तर नखशिखांत काळी. पुढच्या दारानं न्हाणीघरात शिरायचं, मळके कपडे तिथंच खुंटीला टांगायचे, साबण फासायचा, एकमेकांची पाठ घासायची आणि मागच्या दारानं घरी जायचं. त्या मागच्या दारात ही उभी. प्रत्येकाचा कान पुढं दुमडून त्याच्यामागं बघायची. काळं दिसलं की चल परत आत. युनियनचा पुढारी असो नाही तर आडदांड पैलवान, तिच्यापुढं ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. खुद्द नवऱ्यालाही तिनं एकदा सगळ्यांदेखत माघारी पाठवलं. "सोड की, घरी बायको वाट बघत असेल," तो म्हणाला. "ती इथंच उभी आहे," असं म्हणून हिनं त्याच्या हातात साबण कोंबला.

लोक पोट धरून हसायचे. तिला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. तिच्या लहानपणी न्हाणीघर नव्हतंच. बाप काळाच घरी यायचा, आई त्याचे कपडे दाराशी झटकायची, आणि ती भुकटी पाण्यात, पिठात, पोरांच्या अंथरुणात. आई जन्मात कधी खाणीत उतरली नाही, तरी खाणीतल्या माणसासारखीच खोकून खोकून गेली. पुढं वसाहतीतल्या बायकांनी खाणीच्या फाटकापुढं ठिय्या दिला, तेव्हा कुठं साहेबलोकांनी नाइलाजानं न्हाणीघर बांधलं. कोळसा खाणीचा, तो खाणीतच राहिला पाहिजे, एवढं एकच हिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि त्यासाठी तिनं आपली उमर त्या दारात काढली.

मग खाण बंद पडली. कंपनीनं गाशा गुंडाळला आणि मागं वळूनही बघितलं नाही. फौजदारणीची नोकरी गेली, नवऱ्याची छाती त्याआधीच गेली होती. आता तो खिडकीपाशी उशांना टेकून बसलेला, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. दोन वाक्यं बोलला की तिसऱ्याआधी थांबायचा. धूळ-धूर अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ही घर इतक्यांदा पुसायची की फरशी झिजायचीच बाकी होती.

अशात शहरातून एक मुलगी आली, गळ्यात कॅमेरा अडकवून. बंद खाणीच्या वसाहतीचं जगणं फोटोंतून मांडायचं होतं तिला. फौजदारणीनं आधी तिला दारातच फैलावर घेतलं. पण पोरगी चिवट. काकू, काकू करत भांडी विसळू लागली, काकांशी गप्पा मारू लागली, आणि बघता बघता घरातलीच झाली. तिनं नवऱ्याचे पुष्कळ फोटो काढले. खोकताना, औषध घेताना, तोंड उघडं टाकून झोपलेला. हिला ते मुळीच रुचत नव्हतं, पण ती आली की माणूस खुलतो, म्हणून ही गप्प बसायची. गप्प बसणं हिला आयुष्यात तेवढंच जमलं असेल.

मग बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ही तिच्याकडे मुक्कामाला गेली. नवऱ्याकडे बघायला शेजारीण होतीच. परत येऊन बघते तर त्याचा खोकला भलताच वाढलेला, आणि उशी सारखी करताना दिसलं, कानामागं काळं. हे काय म्हणून तिनं विचारलं. खिडकी पुसत होतो, तो म्हणाला. आता उठून उभं राहायचीही ज्याची मारामार, तो खिडकी कशाला पुसेल? पण आपला माणूस आपल्याशी खोटं बोलेल हे तिच्या मनातच आलं नाही. ओल्या फडक्यानं तिनं कान पुसला आणि कामाला लागली.

फोटोंचं प्रदर्शन भरलं ते त्याच न्हाणीघरात. भिंती पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या, खुंट्या गायब, वरून झगझगीत दिवे. फौजदारणीला पाहुणी म्हणून मानानं बोलावलं होतं. ती ठेवणीतले कपडे घालून गेली, ओळखीचे जुने खाणकामगार कोंडाळं करून उभे होते त्यांची विचारपूस केली, आणि मग तिची नजर मागच्या दाराकडे गेली. दार आता कायमचं बंद होतं, आणि त्याच्यावर भला मोठा फोटो. तिचाच नवरा. डोक्यावर दिव्याची टोपी, तोंड काळंकुट्ट, ताठ उभा. खालच्या पट्टीवर छापलेलं: पाळी संपवून घराकडे निघालेला खाणकामगार.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोळसा कुठून आणलास?" तिनं मुलीला विचारलं.

"खाणीच्या ढिगाऱ्यावरून, काकू. काकांना विचारूनच..."

"आणि त्यांच्या छातीला कुणी विचारायचं?"

मुलीचा चेहरा उतरला. थोडाच वेळ लागला होता, लगेच पुसून काढलं होतं, असं काहीतरी ती पुटपुटत राहिली. तेवढ्यात प्रदर्शन भरवणारा गृहस्थ लगबगीनं आला आणि समजावू लागला, की ही एक प्रतिमा आहे, लोकांना बघताक्षणी खाण आठवली पाहिजे. शहाणा मोठा. लोकांना खाण आठवावी, म्हणून हिच्या नवऱ्यानं भुकटी गिळायची.

"या दारातनं असा एक माणूस मी घरी जाऊ दिला नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "एकसुद्धा नाही. आणि तुम्ही माझ्याच दारातनं माझ्याच नवऱ्याला असा घरी पाठवता?"

तिनं फोटो उतरवला. गृहस्थ आडवा यायला निघाला, पण जुने खाणकामगार नुसते पुढं सरकून उभे राहिले आणि त्याचा विचार बदलला. ती भलीमोठी चौकट उराशी धरून फौजदारीण भर रस्त्यानं घरी आली. वाटेत कुणाला हात लावू दिला नाही.

घरात शिरताच तोंडाचा पट्टा सुरू. पोरीचा उद्धार झाला, कंपनीचा झाला, प्रदर्शन भरवणाऱ्याचा झाला. केसानं गळा कापला माझा, ती म्हणाली. नवरा ऐकून घेत होता. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो म्हणाला, "तिला नको बोलू. तिनं फक्त विचारलं, कामावरचा एखादा फोटो आहे का. आपल्याकडे कुठं होता? मग मीच म्हणालो, कोळसा आण."

"का? जीव वर आला होता?"

तो थांबला. श्वास गोळा केला.

"बाकीचे फोटो दाखवले तिनं मला. सगळ्यात मी मेल्यासारखा पडलेला. यात उभा आहे."

"त्या उभं राहण्यापायी किती खोकलात, माहीत आहे?"

"कुणी धरलं नव्हतं मला," तो म्हणाला. "बघ की नीट."

तिनं बघितलं. खरंच कुणी धरलं नव्हतं. तिला त्याचा राग आला, त्याला असा करून टाकणाऱ्या खाणीचा आला, आणि आपण जन्मभर लोकांचे कान तपासत राहिलो आणि छातीत काय साठतंय ते एकाचंही दिसलं नाही, याचा सगळ्यात जास्त आला. खालची छापील पट्टी तिनं टराटरा फाडून केरात टाकली. मग हातोडी शोधून त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीत खिळा ठोकला, इतक्या जोरानं की गिलाव्याचा पोपडा खाली आला. फोटो टांगला.

"वाकडा झालाय," नवरा म्हणाला.

"राहू दे वाकडा," ती म्हणाली, आणि संतापानं तिला इतकं रडू फुटलं की हातातली हातोडी धरवेना.