आधी दिवस, मग महिना

मोगऱ्याचा वास आला की अजून माझ्या तळहाताला घाम सुटतो. परवा व्हिडिओवर तुम्ही दोघं हसलात, "आजी, मोगऱ्याला कोण घाबरतं गं?" म्हणालात. तुमची आई मागेच उभी होती, म्हणून मी विषय बदलला. त्या वेळी तिला एवढंच माहीत होतं की मे महिन्यात आबांना जरा अशक्तपणा आला होता. काल मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली, मग रडली, आणि मग म्हणाली, मुलांनाही कळू दे. म्हणून हे लिहिते आहे.

आबांच्या हृदयात धातूची झडप आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी तुम्ही त्यांच्या छातीला कान लावून तिची टिकटिक ऐकत होता. त्या झडपेसाठी त्यांना रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते. जास्त झाली तर रक्त थांबत नाही, आणि ते आत कुठेही वाहू शकतं, डोक्यातसुद्धा. म्हणून इथे अमरावतीत रक्त तपासायचं, त्याचा आकडा अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडे जायचा आणि किती गोळी द्यायची ते त्यांनी मेलवर कळवायचं, अशी आमची पद्धत. त्या फोनवर कधीच मात्रा सांगत नाहीत. ऐकण्यात घोटाळा होतो, लिहिलेलं पक्कं असतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार पटलं होतं. कॉलेजात इंग्रजी शिकवताना मीही मुलांना हेच सांगत आले.

तू दिवाळीत आला होतास तेव्हा माझी मेलपेटी पाहून कपाळाला हात लावलास. बँक, वीजबिल, देवस्थानांच्या वर्गण्या, साड्यांची दुकानं, आणि त्या गर्दीत आबांच्या गोळीच्या मेल. मग तू मला ते टिपणांचं ॲप लावून दिलंस. डॉक्टरीणबाईंची मेल आली की तिचं आपोआप टिपण व्हायचं, टिपणाच्या नावात मेलची तारीख पडायची आणि मेलपेटीतून ती मेल आपली आपण बाजूला जायची. पसारा नाही. सगळ्यात वरचं टिपण सगळ्यात नवं. रविवारी सकाळी मी गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा भरायला बसले की वरचं टिपण उघडायचं, एवढंच काम.

फक्त तारखा मला खुपायच्या. आधी साल, मग महिना, मग दिवस. आडनाव, बापाचं नाव आणि शेवटी माणूस, असं काहीतरी वाटायचं ते. आमच्या वडिलांनी पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालायला शिकवली ती दिवसापासून. लग्नपत्रिकेत, कोर्टात, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे दिवस आधी. मार्चअखेर एका दुपारी कूलरसमोर बसून मी ॲपची सेटिंग उघडली. तिथे एका चौकटीत वाय, एम आणि डी या अक्षरांची रांग होती, मधे आडव्या रेघा. मी डी पुढे आणले, वाय मागे टाकले. खाली लगेच नमुना दिसला, आजची तारीख, दिवस आधी. जुन्या टिपणांची नावंही मी एकेक करून बदलली आणि ती वेगळ्या कप्प्यात ठेवून दिली. इतकी खूश झाले की आबांना नेऊन दाखवलं.

आबा वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, "वकिलाची बायको शोभून राह्यली. तारखेचा नमुनाई आपल्याच मनासारखा पायजे."

एप्रिलभर दर आठवड्याला तपासणी होती आणि सगळं बरोबर चाललं. नवी मेल आली की वर जाऊन बसायची. दोनदा तर मी मुद्दाम ताडून पाहिलं.

मे लागला. आबांची दाढ दुखायला लागली, दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, म्हणून मी त्या आठवड्याची रक्ताची तपासणी न चुकता करून घेतली. मग रविवारी डबा घेऊन बसले. वर एप्रिलअखेरचंच टिपण होतं. मला वाटलं, मेल आलेली नाही, म्हणजे बदल नाही. डॉक्टरीणबाई बदल असला की कळवतातच. मी पूर्वीचीच पूर्ण गोळी सातही कप्प्यांत घातली आणि डबा देवघराच्या फळीवर ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी आबा बनियनवर अंगणात झाडांना पाणी घालत होते. डाव्या दंडावर मला जांभळाएवढा डाग दिसला. जवळ गेले तर कोपराखाली आणखी एक, तो तळव्याएवढा, कडेने पिवळट.

"हे काय झालं?"

"नळाले लागलं असन."

"दोन्ही ठिकाणी?"

"आता नळाले विचार मंग."

मी त्यांना तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेला रक्ताची बारीक रेघ होती. सकाळी चूळ भरताना लाल पाणी आलं होतं, ते त्यांनी दाढेवर ढकललं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून हीच लक्षणं सांगितली होती.

मी आत येऊन मोबाईल उघडला. काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं. वरून खाली सरकत गेले. तीस एप्रिल, तेवीस, सोळा, नऊ. आणि नऊ एप्रिलच्या खाली, दोन एप्रिलच्या वर, सात मे. मधल्या बाकावर एखादं पोर गपचूप बसावं तसं ते टिपण तिथे होतं. उघडलं. आकडा वर गेला आहे, दातांच्या औषधामुळे असेल, आजपासून अर्धीच गोळी द्या, आठवड्यात पुन्हा तपासा. मेल वेळेवर आली होती. मी पूर्ण गोळी देत राहिले होते.

कसं झालं ते तेव्हाच कळलं. टिपणांची यादी नावाप्रमाणे लागत होती. यंत्राला तारीख कळत नाही, ते डावीकडचा आकडा आधी बघतं. साल पुढे होतं तोवर नवं ते वर येत होतं. दिवस पुढे आणल्यावर एक महिना निभावलं, आणि महिना बदलताच मे महिन्याचा सात एप्रिलच्या तीसखाली गेला. पण हे समजून घेत बसायला वेळ नव्हता. मी अकोल्याला फोन लावला.

तिथल्या सिस्टरनी दोन मिनिटं थांबवलं, मग डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. "आजची गोळी अजिबात नाही. आत्ता निघा, त्यांची सगळी माहिती माझ्याकडे आहे. वाटेत डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं, तर माझ्यापर्यंत येऊ नका. जो मोठा दवाखाना आधी लागेल तिथे शिरा. आणि त्यांना झोपू देऊ नका."

आपल्या मागच्या गल्लीत फुलांची शेती करणारे आहेत ना, पहाटे मंडईत माल घालून येतात ते. त्यांची व्हॅन दारातच उभी होती. मी कुंपणावरून हाक मारली. ते चहा तसाच टाकून आले.

"मावशी, बसा लवकर. वकीलसाहेबाले पुढं बसवू का?"

"नको, माझ्याजवळ बसू दे."

व्हॅनमध्ये मागे मोगऱ्याच्या रिकाम्या टोपल्या होत्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं, आत तो गोड वास कोंडलेला. तेव्हापासून तो वास आणि ती भीती माझ्या डोक्यात एकत्र राहतात.

बडनेरा मागे पडलं तसे आबांचे डोळे मिटायला लागले. एरवी गाडीत बसले की ते झोपतातच, पण त्या दिवशी प्रत्येक डुलकी मला शेवटची वाटत होती. मी त्यांच्या खांद्याला हलवलं.

"अहो, आज कोणती तारीख?"

"काहून?"

"सांगा ना."

त्यांनी बरोबर सांगितली. दहा मिनिटांनी मी पुन्हा विचारलं. मग आमच्या लग्नाची विचारली, मग तुमच्या आईच्या जन्माची. त्यांचा प्रत्येक शब्द मी नाणं वाजवून पाहावं तसा ऐकत होते. शेवटचं अक्षर ओढलं का? ओठ एका बाजूला झुकला का? रस्त्यातला खड्डा आला की वाटायचं, डोक्यात आतल्या आत काही फुटलं तर बाहेरून दिसणारही नाही.

"तू तं जजाच्या वरची निघाली," आबा म्हणाले. "जज एकदा विचारते. तू उलटतपासणी करून राह्यली."

पुढून आवाज आला, "मावशी, साहेब बोलून राह्यले म्हंजे चांगलंच हाय. बोलू द्या."

मूर्तिजापूरच्या अलीकडे मी महिना विचारला आणि आबा गप्प राहिले. खिडकीबाहेर बघत होते. माझ्या कानात नुसती सळसळ. मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडले. व्हॅन रस्त्याच्या कडेला कचकन थांबली. आबा दचकून माझ्याकडे वळले.

"अवो, काय झालं तुले?"

"तुम्ही बोलला नाहीत."

"ते शकुंतला रेल्वेचे जुने रूळ दिसते काय, पाहून राह्यलो होतो." आणि मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाले, "मे महिना. मे हाय. चला, गाडी घ्या पुढं."

त्यांनी माझा हात धरला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मला कळलं की तेही घाबरलेले आहेत, आणि वाटभरच्या चेष्टा माझ्यासाठी होत्या.

अकोल्याला पोचताच रक्त घेतलं. डोक्याचा फोटो काढायला त्यांना आत नेलं आणि दार लागलं. मी बाकावर गोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी डबा उघडून पाहिला. तीन कप्पे भरलेले होते, त्यांत पूर्ण गोळ्या.

"बाई, मी मेल पाठवली होती. वाचली नाहीत?"

"वाचली. जुनी वाचली."

मी त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी यादी वरून खाली पाहिली, पुन्हा वर नेली. त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून विचारलं, "तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?" तोवर मी रडले नव्हते.

डोक्यात रक्तस्राव नव्हता. रक्त मात्र फारच पातळ झालं होतं. ते आवरायला औषध द्यायचं, पण जास्त दिलं तर झडपेवर गुठळी, म्हणून अगदी थोडं थोडं आणि सतत लक्ष ठेवून. तीन दिवस आबा तिथे होते. तीनही दिवस एका बाजूला एक भीती आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. आकडा हवा तिथे आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर डाग पाहिलात." मी मान हलवली. डाग का पडला ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते सेटिंग उघडण्याचं. वाय पुढे, मग एम, मग डी. टिपणांची नावंही पुन्हा एकेक करून बदलली, तशी यादी हलली आणि सात मे सगळ्यात वर येऊन बसला, जिथे तो आधीपासून असायला हवा होता. तू लावून दिलं होतंस ते बरोबर होतं, बाळा. हे तुला नीट कळावं म्हणून एवढं सगळं लिहिलं. आणि तू, लहानी, तुझ्या आईजवळ झोपायच्या आधी हे वाचू नकोस, दिवसा वाच.

आता डॉक्टरीणबाईंची मेल आली की मी तिला उलट कळवते: मिळाली, अमुक गोळी, अमुक दिवसापासून. त्यांचं "होय" आल्याशिवाय डब्याला हात लावत नाही. त्यांनीच ही पद्धत घातली. सकाळी आबा अंघोळ करून आले की दोन्ही दंड बघते, मग तोंड उघडायला लावते, मग तारीख विचारते. ते आता मुद्दाम साल आधी सांगतात, मग महिना, मग दिवस. "तुह्या मोबाईलले समजलं पायजे," म्हणतात.

काल सकाळी विचारलं तर उत्तर आलं नाही. मी चहाचं पातेलं तसंच गॅसवर सोडून मोरीकडे धावले. आबा बेसिनशी उभे होते, गाल फुगलेले, आणि हाताने मला थांब थांब अशी खूण करत होते. मग त्यांनी चूळ टाकली. दोघांनीही वाकून पाहिलं. पाणी पांढरं होतं.